मामांचा हरण्या

जगातल्या यच्चयावत बायकांचा भाऊ होण्याची जबाबदारी देवानं एकाच माणसावर टाकली आहे आणि तो माणूस नांदेडला आमच्या सेंटरमध्ये चाकांच्या खुर्चीत बसलेला असतो, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. त्यांना सगळे मामा म्हणत. नाव असणारच, कारण रेशनकार्ड नावाशिवाय निघत नाही. पण ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. भाजीवाली फाटकाशी आली की ती ताई, तिची पोरगी सोबत असली की ती भाची, आणि म्हातारी सासू असली तर तीसुद्धा कुठल्या तरी वाटेनं भाचीच निघायची. एकदा कुठल्याशा बँकेतून फोन करून कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या मुलीला मामांनी "माय, जेवलीस का?" इथून धरलं ते तिच्या लग्नाचं कुठवर आलं इथपर्यंत नेऊन पोचवलं. शेवटी तिनंच "मामा, ठेवू का आता?" म्हणून परवानगी मागितली. मामांनी ती दिली, पण वर "सांजच्याला ऊन ऊन जेव" असं बजावूनच.

आमचं सेंटर म्हणजे हातापायांनी दगा दिलेल्या मोठ्या माणसांनी दिवसभर येऊन बसायची जागा. सकाळी गाडी आम्हाला घरोघरून गोळा करते आणि संध्याकाळी जिथलं तिथं नेऊन ठेवते. मधल्या वेळात व्यायाम, वरणभात, थोडंफार काम आणि भरपूर भांडणं. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला. मी धंद्यानं शिंपी. सेंटरमध्ये कापडी पिशव्या शिवतो, दुसऱ्यांना शिवायला शिकवतो आणि उरलेल्या वेळात चिडचिड करतो. हे तिसरं काम मी पूर्वी घरी करत असे, म्हणून तर घरच्यांनी मला सेंटरला घातलं. व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमच सगळं सेंटर चालवतात. त्या मूळच्या शांत स्वभावाच्या आहेत असं त्यांच्या घरचे लोक सांगतात. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण मामा भेटण्याआधीच्या मॅडम आम्ही पाहिलेल्या नाहीत.

मामा मोंढ्यातले हमाल. धान्याच्या बाजाराला आमच्याकडे मोंढा म्हणतात, आणि त्या मोंढ्यात मामांनी अर्धी हयात पोती वाहिली. एकदा ट्रकात हळदीची पोती चढवताना पायाखालची फळी सरकली. मामा खाली, पोतं वर. कमरेखालचा मुलूख त्या दिवशी त्यांच्या राज्यातून गेला तो गेलाच. हमाली मात्र गेली नाही. ती खांद्यावरून उतरून डोळ्यांत जाऊन बसली. मी शिंपी असल्यामुळे माणूस इंचांत बघतो, मामा किलोंत बघायचे. नवा माणूस दारातून आत आला की नाव-गाव विचारायच्या आधी "या साहेब, ब्याऐंशी!" अशी आरोळी यायची. मॅडम पहिल्या दिवशी हजर झाल्या तेव्हा मामांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मायेनं म्हणाले, "म्याडम, आडुसष्ट. पर लग्नाआधी लई तर पन्नास असताल." मॅडम त्याच दिवशी बदलीचा अर्ज करणार होत्या म्हणे.

गंमत अशी, की मामांचा अंदाज जन्मात कधी बरोबर आला नाही. हे एकदाचं मिटावं म्हणून मॅडमनी वजनकाटा आणला. आम्ही एकेक जण त्यावर चढलो, बसलो, काहींना धरून उभं केलं. मामांचा एकही आकडा जुळला नाही. मामा जराही हलले नाहीत. काट्याकडे तुच्छतेनं बघत म्हणाले, "काटा बेइमान हाय. मोंढ्यात असले लई बघितले म्या." माझं वजन काट्यावर एकावन्न भरलं आणि मामांच्या हिशेबी ते त्र्याहत्तर होतं. मी वाद घातला तर म्हणाले, "टेलर, तू जड मानूस हायस. काट्याला ते कळंना, त्यात तुझी काय चूक?" ही स्तुती होती की कसं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण त्या दिवसापासून मी जरा सावकाश चालायला लागलो.

मामांच्या खुर्चीचं नाव हरण्या. हाताला तांबड्या गोंड्याच्या माळा, पुढं रिक्षाचा रबरी भोंगा, मागं आरसा, आणि नजर लागू नये म्हणून खाली चाकाशी लिंबू-मिरची. ती खुर्ची आहे असं मामांच्या समोर म्हणायची सोय नव्हती. "खुर्चीवर पुढारी बसतेत. ह्यो बैल हाय," हे त्यांचं म्हणणं. बैल म्हटला की पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्याला जेवणाचं आवतण द्यायची रीत आहे. मामांनी सेंटरमधल्या झाडून सगळ्या खुर्च्या ओळीनं उभ्या करायला लावल्या, चाकांच्या दांड्यांना तेल-हळद चोळली आणि एकेका खुर्चीच्या मुठीशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मला जुन्या पडद्यांच्या झुली शिवाव्या लागल्या. इथवर सगळ्यांना मजा वाटली. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, कारण पोळ्याला बैलाला जू लावत नाहीत. मामांनी जाहीर केलं की आज कोणीही खुर्चीवर बसायचं नाही.

"मामा, अहो, माणसांना बाथरूमला जायचं असतं," मॅडम कळवळून म्हणाल्या.

"बाथरूमला बैलावर बसून जातेत का कुनी? वरीसभर आपल्याला वाहून राहिला तो, आन एक दिस उसंत न्हाई द्यायची त्येला?"

तर आम्ही सगळे दिवसभर सतरंजीवर, आणि खुर्च्या झुली पांघरून कडुनिंबाखाली सावलीत, पुढ्यात पुरणपोळीचं ताट. संध्याकाळी कर्मचाऱ्यांनी त्या रिकाम्या खुर्च्या वाजतगाजत कोपऱ्यावरच्या मारुतीला नेऊन आणल्या. रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं, की अपंगांच्या दोन ओळी भरून खुर्च्या मारुतीपुढं आल्या आणि एकीतही माणूस नाही. त्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. पुढच्या शनिवारी त्या मारुतीला आमच्या फाटकापर्यंत रांग होती.

असा हा माणूस एके दिवशी अचानक गप्प झाला. मुखेडकडच्या एका खेड्यात त्यांची धाकटी बहीण दिलेली. तिची मुलगी रेणुका हीच मामांची जगातली एकुलती एक रक्ताची भाची. बाकीच्या सगळ्या त्यांनी येताजाता जमा केलेल्या. रेणुकाचं लग्न मुखेडच्या सामूहिक विवाहात ठरलं. त्यानंतर दाजींचा, म्हणजे मामांच्या मेव्हण्यांचा, फोन आला. फोन मामा नेहमी आवाज मोठा करून घेत, त्यामुळं तो सबंध सेंटरनं ऐकला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमची तब्येत ही अशी. तुम्ही आपले म्होरं बसा, आशीर्वाद द्या. रेणूला मांडवात आणायचं तुमचा चुलतभाऊ बघून घेईल." मामा "हाव" म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारी शंभर किलोंच्या घरातले एक पाहुणे सेंटर बघायला आले, मामांच्या समोरून गेले, आणि मामांनी नुसता नमस्कार केला. वजन सांगितलं नाही. आमच्या गंगूआक्कांच्या हातून घास खाली पडला. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेलाय, पण हा घास डाव्या हातातला होता.

चहाच्या वेळी मी सहज म्हणून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. मामा बशीत चहा ओतत बोलले.

"टेलर, आमच्यात नवरी पायानं मांडवात येत न्हाई. मामा उचलून आनतो. गावातल्या निम्म्या पोरी मी आनल्यात. जिचा मामा म्हातारा, जिचा मामा पिऊन पडलेला, समद्यांच्या वक्ताला मलाच बोलवायचे. आन आता माझी सख्खी भाची, आन म्या म्होरं बसून आशीर्वाद देऊ? आशीर्वाद कुनीबी देतंय. त्येला काय वजन हाय?"

मामांनी बशीतला चहा संपवला, भोंगा एकदा वाजवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हरण्या हाय की! मी न्हाई उचलनार, हरण्या उचलंल. नवरी माझ्या मांडीवर, मी हरण्यावर."

दुसऱ्या दिवसापासून सेंटरमध्ये व्यायामाच्या तासाला नवरी आणण्याची तालीम सुरू झाली. आधी ज्वारीचं अर्धं पोतं मांडीवर घेऊन मामांनी मैदानाला फेऱ्या मारल्या. पण पोतं लाजत नाही, रडत नाही, मधेच पदर सावरत नाही. मामांना जिवंत नवरी हवी होती. बायकांनी साफ नकार दिला. मॅडमकडे तर बघायचीही सोय नव्हती. मामांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "टेलर, तुला काटा एकावन्न म्हनतो न्हवं? मंग रेणूएवढाच झालास." ज्या काट्याला आयुष्यभर बेइमान म्हटलं त्याचा शब्द त्यांनी त्या एका दिवसापुरता प्रमाण मानला. गंगूआक्कांनी माझ्या डोक्यावर पिवळी चादर घातली, माझीच मोजपट्टी मुंडावळ्या म्हणून माझ्या कपाळाला बांधली, आणि पन्नाशी उलटलेला, मिशा असलेला मी मामांच्या मांडीवर बसून मान खाली घालून मांडवाच्या दिशेनं निघालो. आक्का मोठ्या आवाजात मंगलाष्टकं म्हणत होत्या. "रड की जरा," मामा मागून म्हणाले, "नवरी रडती." मी म्हणालो, मला आतून रडूच येतंय.

नेमकं त्याच वेळी एक देणगीदार जोडपं फाटकातून आत आलं. त्यांनी आम्हाला बघितलं, एकमेकांना बघितलं, आणि मॅडमना विचारलं, हे काय चाललंय? मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "वजन पेलण्याचा व्यायाम आहे," त्या म्हणाल्या. गृहस्थांनी माझ्या मुंडावळ्यांकडे बोट केलं, "आणि हे?" मॅडम म्हणाल्या, "हे वजन." मामांमुळं ही बाई किती तयार झाली होती ते मला त्या क्षणी कळलं.

मामांनी फोनवर रेणुकालाही सगळं पढवून ठेवलं होतं. मुखेडला शाळेच्या एका खोलीत सगळ्या नवऱ्या बसवणार, तर तिनं अगदी दाराशी बसायचं. भोंगा वाजला की उठायचं, मांडीवर बसायचं, तोंड वर करायचं नाही, आणि काय रडायचं ते बसल्यावर रडायचं. मुखेडच्या मोंढ्यातल्या हमालांनाही निरोप गेला होता, की मंचाला पायऱ्या असणार, तेव्हा भरभक्कम फळी घेऊन या. फक्त दाजींना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना तोंडावरच सांगायचं असं मामांचं धोरण होतं.

लग्नाच्या दिवशी सेंटरची गाडी मुखेडला पोचली तेव्हा मैदान फुलून गेलं होतं. मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं पाट मांडलेले, त्यांच्यापुढं नवरदेव उभे. पहिल्याच पाटाशी दाजी आणि त्यांच्याशेजारी कडक इस्त्रीतला चुलतभाऊ. रेणुकाचा पाट हा पहिलाच. माईकवाला घोषणा करत होता, "मामा मंडळींनी नवऱ्या घेऊन यायचं आहे, मुहूर्त जवळ आलाय, मामा मंडळी!" मामांनी दाजींकडे बघितलंसुद्धा नाही. डोक्याला फेटा, हरण्याला नवी माळ. त्यांनी चाकं मारली ती थेट शाळेच्या खोलीकडं. मी मागं कुबड्या टाकत. खोलीच्या दाराशी जाऊन त्यांनी भोंगा वाजवला. दाराशी बसलेली नवरी दचकली, थोडी थांबली. "चल माय, बस," मामा म्हणाले. ती उठली, बसली, मान खाली घालून रडायला लागली. सगळं तालमीसारखं. माझ्यापेक्षा ती बरीच चांगलं रडली.

लोक बाजूला सरून वाट देत होते, टाळ्या वाजवत होते, मोबाईल वर करत होते. मामांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता. फक्त एकदा मान वळवून ते मला हळूच म्हणाले, "टेलर, पोरगी लई वाळली रे. दोन म्हैन्यात धा किलो उतरली. सासरची फिकीर असंल." आता मला इंचांत बघता आलं असतं, पण माझी एक कुबडी मांडवाच्या दोराला अडकली होती आणि रेणुका मी फोटोतच बघितलेली. आणि खरं सांगायचं तर मामांचा आकडा चुकला यात नवल वाटण्यासारखं काय होतं?

मंचाशी हमालांनी फळी लावली होती, तिच्या दोन्ही बाजूंना चौघेजण उभे. तिथं मामा थांबले. टाळ्या चालूच होत्या, पण ते फळीकडे बघत राहिले. मोंढ्यातल्या त्या दिवसानंतर हमालाच्या फळीवर ते पहिल्यांदाच चढत होते, हे मला तेव्हा सुचलं. मामांनी एका हातानं मांडीवरच्या नवरीला घट्ट धरलं, दुसऱ्या हातानं फळीवर थाप मारून बघितली आणि म्हणाले, "चल हरण्या." हमालांनी मागून हात लावला आणि हरण्या वर गेला.

"भाची आनली, दाजी," मामा छाती फुगवून म्हणाले.

दाजींनी नवरीकडं बघितलं. मग वाकून बघितलं. "पाव्हणं, ही कोन?"

नवरीनं मान वर केली. अंगानं काडी, डोळे मोठे, वय कोवळं. तिला आम्ही कोणीच ओळखत नव्हतो. सगळ्या नवऱ्यांना संयोजकांनी एकसारख्या पिवळ्या साड्या दिलेल्या, आणि बसवायच्या वेळी पाटाच्या क्रमानं रेणुकाला आत भिंतीशी नेऊन बसवलेलं; गर्दीतून ती उठेपर्यंत हरण्या निघून गेलेला.

"मामा," ती मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "माझा पाट तिकडं पल्याडच्या टोकाला हाय."

"मंग बसलीस कशाला, माय?"

"तुमी बस म्हनलाव म्हनून." मग तिनं पदर तोंडाशी धरला. "मला आनाया कुनी येनार नव्हतं."

नंतर कळलं ते असं, की ती किनवटकडची. नाव शेवंता. आई लहानपणीच गेली, आश्रमशाळेच्या हॉस्टेलात वाढली. चुलत्यानं तिला सकाळी आणून खोलीत बसवलं आणि तो जेवणाच्या मांडवाकडे गेला तो गेलाच. पण मामांनी तेव्हा यातलं काही विचारलं नाही. ती उतरायला लागली तर त्यांनी तिचा हात धरला. "हाव. मंग उतरू नको. पोचिवतो." आणि भोंगा वाजवत, सगळ्या नवरदेवांच्या पुढून, एकेकाचे पाय मागं घ्यायला लावत, त्यांनी शेवंताला मंचाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन तिच्या पाटावर उतरवलं. तिचा नवरदेव इतका भांबावला, की त्यानं आधी हरण्यालाच नमस्कार केला.

इकडं दाजी कपाळाला हात लावून उभे आणि चुलतभाऊ रेणुकाला आणायला धावलेला. तो हात हलवत परत आला. रेणुका उठत नाही म्हणे. तिनं खिडकीतून सगळं बघितलं होतं. चुलतमामाला तिनं सांगितलं, "माझा मामा कुनाला तरी पोचवाया गेलाय. येईल की." माईकवाला घायकुतीला आला, "एका नवरीसाठी मुहूर्त टळून राहिलाय, कृपा करून मामा मंडळी!" मामा तोवर फळीवरून उतरायला लागले होते, आणि आता खरी भीती अशी, की पोचेपर्यंत संयोजक चारचौघी बायका पाठवून रेणुकाला चालत आणतील आणि मामांची सगळी तालीम फुकट जाईल. भरल्या मैदानातून हरण्याची चाकं गवतात रुतत होती. मग मी एक बघितलं. दाजी मंचावरून खाली उतरले, कोणाशी काही न बोलता हरण्याच्या मागं गेले, आणि दोन्ही मुठी धरून पळायला लागले. धोतर सावरत, धापा टाकत, बायकोच्या भावाला ढकलत दाजी शाळेकडं पळतायत आणि मामा भोंगा वाजवतायत, हे दृश्य बघून अख्खं मुखेड हसलं. मीही हसलो, आणि हसताना डोळे पुसले.

परत आले तेव्हा मांडीवर रेणुका होती, चांगली भरलेली, रडत होती का हसत होती ते कळत नव्हतं. माझ्याजवळून जाताना मामा समाधानानं म्हणाले, "आत्ता जुळलं बघ वजन."

अंतरपाट धरले गेले. रेणुकाच्या मागं मामा. मंगलाष्टकं सुरू व्हायची, तेवढ्यात मामांनी ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. प्रत्येक नवरीमागं तिचा मामा उभा होता. शेवंताच्या मागं फक्त मांडवाचा खांब.

"टेलर, जा तिकडं."

"मी? मामा, मला बहीणच नाही."

"बहीन न्हाई तर न्हाई. भाची तर हाय न्हवं?" त्यांनी हरण्याचं लिंबू खुडून माझ्या हातात दिलं. "मामाच्या हातात कायतरी पायजे. जा, जड मानूस हायस तू."

मी गेलो. माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसाला आयुष्यात कोणी कशाच्याही मागं उभं केलं नव्हतं. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात मिरची लटकलेलं लिंबू. मंगलाष्टकं संपता संपेनात आणि माझा पाय थरथरायला लागला. शेवंतानं वळून बघितलं नाही, पण तिचा हात हळूच मागं आला आणि तिनं माझी कुबडी धरली. मी पडू नये म्हणून धरली की मी जाऊ नये म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही.

त्यानंतर शेवंता कोणाची भाची यावरून सेंटरमध्ये रोज भांडण. मामा म्हणत मांडीवर कोन बसवली? मी म्हणे मागं कोण उभा राहिला? पंचमीला ती माहेरी आली ती सरळ सेंटरलाच. मॅडमनी तिची ओटी भरली, आक्कांनी कडुनिंबाला झोका बांधायला लावला, आणि आम्ही दोघे म्हातारे तिला कोण ढकलणार यावर हमरीतुमरीवर आलो.

आता मामा सेंटरला येत नाहीत. त्यांच्या मुलाला लातूरला नोकरी लागली आणि तो त्यांना घेऊन गेला. मुलगा गुणाचा आहे, सूनही चांगली आहे. पण घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि खोल्यांची दारं अशी अरुंद, की हरण्या त्यातून जात नाही. मामांना घरातल्या घरात फिरायला एक लहान खुर्ची आणलीय, तिला त्यांनी नाव ठेवलेलं नाही. हरण्या राहिला आमच्याकडे, कडुनिंबाखाली. मामा गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांची वजनं मला फोनवर सांगतात. वरून बघितलं की माणसं हलकी दिसतेत रे टेलर, असं परवा म्हणत होते.

यंदाच्या पोळ्याला शेवंता आली, कडेवर वर्षाची मुलगी घेऊन. आम्ही चाकांना तेल-हळद चोळली होती, मी नव्या झुली शिवल्या होत्या, आणि नेमाप्रमाणे सगळे सतरंजीवर होतो. शेवंतानं हरण्याला ओवाळलं, पुरणपोळीचा घास ठेवला आणि आम्ही मामांना फोन लावला, आवाज मोठा करून. तेवढ्यात ती पोरगी रांगत गेली, हरण्याच्या गोंड्यांना धरून उभी राहिली आणि वर बसवा म्हणून हात करायला लागली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. पोळ्याच्या दिवशी कोणी बसायचं नाही, हा मामांचाच कायदा. मी फोनवर म्हणालो, "मामा, शेवंताची पोरगी हरण्यावर बसायचं म्हणतेय. काय करू?"

पलीकडून लहान खुर्ची गॅलरीच्या कठड्याला आपटल्याचा आवाज आला.

"बसव," मामा म्हणाले. "मामाच्या मांडीवर बसाया पोळा आड येतो व्हय?"

मी तिला उचलून बसवलं. तिनं दोन्ही हातांनी भोंगा दाबला, आणि तो आवाज फोनमधून लातूरच्या तिसऱ्या मजल्यावर पोचला असणार, कारण मामा मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "वजन किती असंल रे?"

मी आयुष्यात पहिल्यांदा अंदाज सांगितला. "नऊ किलो असेल, मामा."

"ह्या! तुझा काटा बेइमान हाय, टेलर," ते म्हणाले. "थांब, मी खाली उतरलो की येतो तिकडं, आन सांगतो."

"या," मी म्हणालो. "हरण्याला तेल लावून ठेवलंय."